वीतभर उंचीचा पलंग

आषाढ निम्मा सरला की आमच्या घरातली फरशी ओली व्हायला लागते. कुठून गळत नाही, वरून येत नाही. शहाबादी फरशी आपली आपणच पाझरते. पुसली की घटकाभर कोरडी, परत ओली. अनवाणी चाललं तर पावलांचे ठसे उमटतात, मोजे घालून चाललं तर मोजे भिजतात. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत तळमजल्यावर राहणाऱ्या सगळ्यांचं हेच आहे, त्यामुळे त्याबद्दल कोणी बोलतही नाही. सकाळी दारात उभं राहून एकमेकींना विचारायचं ते एवढंच, की राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले का आणि बंधारा पाण्याखाली गेला का. तेवढं कळलं की जी ती आपला फडका घेऊन आपली फरशी पुसायला आत जाते.

यंदा ह्या ओल्या दिवसांतच आमच्याकडे सुतार आला. आत्तींचा पलंग उंच करायचा होता. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. माझं माहेर गडहिंग्लजकडचं, नेसरीचं. तिकडे सासूला आत्ती म्हणतात, म्हणून मीही म्हणते. गेल्या महिन्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता खाली बसायचं नाही, बसायचं ते उंचावर आणि उठायचं ते उंचावरून. आमचा पलंग तर वीतभर उंचीचा. तो वीतभर कसा झाला हे मी विसरून गेले होते, किंवा तसं मला वाटत होतं. सुताराने दारात पिशवी ठेवली, त्यातून करवतीचं टोक बाहेर डोकावलं, आणि मी चहाचं आधण गॅसवर तसंच ठेवून भिंतीला टेकून उभी राहिले.

सहा वर्षांपूर्वीच्या त्या पावसाळ्याची मला पहिली आठवण येते ती वासाची. ओल्या दुपट्यांचा वास. बाहेर ऊन नाही, दोरीवर काही वाळत नाही, म्हणून आत्ती शेगडीत निखारे करून त्यावर बांबूचं डालगं उपडं घालत आणि त्यावर माझ्या मुलीचे, रेवाचे, लंगोट, दुपटी, झबली पसरत. घरभर धूर, त्यात ओवा, त्यात दुधाचा आंबूस वास. सगळे कपडे थोडे थोडे धुरकट. रेवा तेव्हा नुकती रांगायला लागली होती. तिला छातीशी घेतलं की तिच्या केसांनाही तोच वास यायचा. पण छातीशी घेतलं, असं मी सहज लिहून गेले. त्या वर्षी मला ते सहज करता येत नव्हतं.

बाळंतपणाला थोडेच महिने झाले असताना मोरीत माझा पाय घसरला आणि मी पाठीवर आपटले. मणका दुखावला. महिनाभर पडून राहिले. मग उठले, हिंडू-फिरू लागले, पण डॉक्टरांनी एक गोष्ट ठणकावून सांगितली होती. वजन उचलायचं नाही. मी विचारलं, बादली? नाही. कुकर? नाही. मग जरा थांबून विचारलं, बाळ? त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "बाळ हे वजनच असतं, ताई. खाली बसा, मांडीवर घ्या, काय हवं ते करा. उभ्याने उचलायचं नाही. परत आपटलात तर पाय जातील." ते चांगले गृहस्थ होते. मला त्यांचा फार राग आला होता.

घरी पाळणा होता, माझ्या आईने बारशाला आणलेला. त्यात रेवाला ठेवायला कोणीतरी लागायचं, काढायला कोणीतरी लागायचं. अभिजित, माझा नवरा, फाउंड्रीत पाळीवर; तो घरी असेल तेव्हा झोपलेला असायचा. दिवसभर आत्तीच. रेवा पाळण्यात उठून रडायची आणि मी शेजारी उभी राहून हाक मारायची, "आत्ती, तिला काढता का?" आत्ती भाकरी टाकून, हात पुसून येत. कधी त्या दुकानात गेलेल्या असल्या तर मी आणि रेवा पाळण्याच्या काठाला धरून दोघी रडायचो. तिने हात वर केलेले असायचे. मूल हात वर करतं तेव्हा काय मागतं हे सगळ्या जगाला कळतं, आणि मी तिला खुळखुळा द्यायची.

जमिनीवरच्या अंथरुणाची कल्पना मला मोबाईलवर मिळाली. कुठल्या कुठल्या बायका छान कोरड्या, उजेडाच्या खोल्यांत बाळासाठी खाली गादी घालत होत्या. बाळ झोपेतून उठतं, रांगत खाली उतरतं, आईपाशी येतं. बाळाला म्हणे त्याने स्वावलंबन येतं. मला स्वावलंबनाचं काही पडलं नव्हतं. मला फक्त ते शेवटचं हवं होतं, आईपाशी येतं ते. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गादीवाल्याकडून एक पातळ कापसाची गादी भरून घेतली आणि माजघरात भिंतीकडेला घातली. मीही तिथेच शेजारी चटई टाकून निजू लागले.

काय सांगू. पहिल्याच दुपारी रेवा उठली, रडली नाही, इकडेतिकडे बघितलं आणि गुडघ्यांवर थप थप करत माझ्या चटईवर आली. माझ्या कुशीत डोकं खुपसलं. मी तिला उचललं नव्हतं, ती आली होती. जमिनीवर मी आणि ती एका उंचीच्या होतो. घरात तेवढी एकच जागा होती जिथे मी पुरती आई होते. मी त्या दिवशी पाठ दुखत असूनही उठले नाही. ती दूध पीत पुन्हा झोपली आणि मीही झोपले. इतकी गाढ झोप मला त्या आधी आणि नंतर कितीतरी काळ लागली नाही.

आत्तींना हे अजिबात आवडलं नव्हतं. त्या पहिल्या दिवशी दारातच थबकल्या.

"पोरीला खाली निजवलीस व्हय?"

"हो आत्ती. पडायची भीती नाही."

"पलंग हाय की घरात. माझ्याजवळ निजंल."

त्या माघारी वळल्या. नंतर शेजारच्या काकींना सांगताना मला ऐकू आलं, "आजकालच्या पोरींचं काय सांगावं बाई. आमी जलमभर भुईवर काढली, तवा कुटं पलंग बगितला. आणि ह्या पलंग सोडून भुईवर."

तो पलंग म्हणजे आत्तींचा मोठेपणा होता. त्या राधानगरीकडच्या, धरणाच्या अंगच्या एका गावच्या. तिकडचा पाऊस आमच्या पावसाला हसेल असा. लग्नानंतर कितीतरी वर्षं त्या आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे, खालीच निजत. मग मामंजींनी सागवानी पलंग करून घेतला. मांडीएवढा उंच, खाली धान्याची पोती आणि ट्रंका राहाव्यात म्हणून मुद्दाम तसा केलेला. त्यावर चढायला आत्तींना पाटावर पाय द्यावा लागे. त्या पलंगावर बसल्या म्हणजे त्यांचे पाय लोंबकळत, आणि तशा बसून त्या शेंगा निवडत, टीव्ही बघत, आल्या-गेल्याला बसा म्हणत. घरात कोणाला त्या पलंगावर ओलं फडकंही टाकायची मुभा नव्हती.

मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाचा हट्ट आहे. मी कंटाळलेली होते, आणि कंटाळलेल्या माणसाला दुसऱ्याचं सगळं हट्टच वाटतं. रात्रींचं मी काही सांगत नाही. लहान मूल असलेल्या घरच्या रात्री सगळीकडे सारख्याच. दिवसाही डोळ्यांपुढे जाळी धरल्यासारखं असायचं. चहात मीठ घालायचं, दार उघडं ठेवून कुलूप हातात घेऊन हिंडायचं. आरशात बघितलं तर माझ्याच माहेरची कोणी थोरली बाई उभी आहे असं वाटायचं. पण रेवा उठून रांगत यायची, आणि मला वाटायचं की निभेल.

मग पाऊस लागला. लागला म्हणजे कोल्हापूरच्या पद्धतीने लागला. सुरू झाला आणि थांबायचंच विसरला. फरशी पाझरायला लागली. गादीखाली चटई घातली, चटईखाली प्लास्टिक घातलं. चार दिवसांनी गादी उलटून बघितली तर खालून काळे ठिपके. हात लावला तर थंडगार आणि बुळबुळीत. वरची चादर वरवर कोरडी होती, म्हणून इतके दिवस कळलं नव्हतं. गादी शेगडीवर वाळवता येते का? आम्ही तेही करून बघितलं. एक कोपरा जळाला.

आणि रेवाला खोकला झाला.

आत्ती म्हणाल्या, "आता वर घे तिला." मी म्हटलं, अजून थोडे दिवस. मग त्यांनीच एक उपाय काढला, आणि तो उपाय आमच्याच घरात होऊ शकतो असा होता. त्यांच्या गावाकडे पावसाळ्यात अंथरुणाखाली भाताचं पिंजर घालतात, म्हणजे भात मळून उरलेला पेंढा. त्यावर घोंगडं, घोंगड्यावर वाकळ, आणि मग माणूस. ओल वर येत नाही, वर ऊब राहते. त्यांनी भावाला फोन केला. भाऊ दुसऱ्या दिवशी एसटीने आला, टपावरून दोन पोती उतरवून रिक्षात घालून. पाव्हणा डोक्यापासून पायांपर्यंत भिजलेला, पोतीही भिजलेली. म्हणाला, "वरनं भिजल्यात जरा. आतनं कोरडं हाय बगा."

आम्ही ते माजघरात पसरलं. हौसेने पसरलं, आत्तींनी तर दोन्ही हातांनी सारखं करत करत पसरलं. त्यावर घोंगडं टाकलं, आत्तींच्या जुन्या लुगड्यांची वाकळ टाकली. घरात गोठ्याचा वास आला. आत्ती बराच वेळ तिथे उकिडव्या बसून राहिल्या होत्या, वाकळेवरून हात फिरवत. मला वाटतं, त्यांना ते दिसत होतं, ते गाव, तो पाऊस. रेवा त्यावर खुशीत लोळली. मला पहिल्यांदाच वाटलं की आम्ही दोघी एका बाजूला आहोत.

दोन दिवसांत ओलं पिंजर तापलं, कुबट झालं, आणि त्यातून बारीक तांबूस किडे निघाले. रेवाच्या पाठीवर पुरळ उठलं. गावाकडच्या घराची भुई शेणाने सारवलेली, चुलीचा धूर दिवसभर पिंजरातून फिरणार. पेठेतल्या बंद माजघरात गॅसची शेगडी आणि फरशी. जे तिकडे चालतं ते इकडे नाही चाललं. अभिजितने पाळीवरून येऊन सगळं पिंजर पोत्यांत भरलं आणि पावसात नेऊन टाकलं. जाताना म्हणाला, "आई, तुझी म्हैस हाय का ही?" आत्तींनी माझ्याकडे बघितलं नाही. फरशीवर चिकटलेल्या काड्या त्या कितीतरी वेळ नखाने वेचत होत्या.

मग रेवा वर गेली. दुसरा काही मार्गच नव्हता. खोकला छातीत उतरला होता आणि डॉक्टरांनी ओल टाळा म्हणून सांगितलं होतं. आत्तींनी तिला पलंगावर आपल्या शेजारी घेतलं, कडेने उशा लावल्या. मी खाली चटईवर, कारण मला त्या उंच पलंगावर चढता-उतरता येत नव्हतं आणि तिथे तिघींना जागाही नव्हती. माझ्या पाठीला ओल लागली तर लागली, ती तशीही दुखतच होती.

ते दिवस मला वाईट आठवतात. रेवा उठायची, उशांवरून खाली वाकून बघायची. मी खाली, ती वर. ती हात पुढे करायची आणि मी उभी राहून तिच्या गालाला गाल लावायची, एवढंच. ती माझ्या गळ्यात हात टाकून अंग झोकायला लागली की आत्ती मागून तिला धरत आणि म्हणत, "आईवर भार नगं टाकू, बाळा. आईवर भार नगं टाकू." चांगल्या मनाने म्हणत. दिवसातून किती वेळा म्हणत त्याला हिशोब नाही. आणि लहान मूल शहाणं असतं, ते वाट्टेल ते शिकतं. थोड्याच दिवसांत रेवा मला बघून हात वर करेनाशी झाली. माझ्याकडे बघून हसायची आणि हात आत्तींकडे करायची. मला हेवा वाटला. सासूचा हेवा, तोही आपल्याच पोरीसाठी. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. तोंड धुऊन बाहेर आले तर आत्ती पलंगावर बसलेल्या होत्या, पाय लोंबकळत, मांडीवर रेवा, आणि त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"वैशाली, बस हितं," त्या म्हणाल्या.

मी पाटावर बसले.

"त्यास्नी ह्या पलंगावरनं खाली घेतलेलं," आत्ती म्हणाल्या. "तुझ्या मामंजींना. तू तवा नव्हतीस. डाक्टर म्हणाला आता न्हाय काय उपेग, तवा चौघांनी उचलून खाली घेतलं. त्या तिथंच, भिंतीकडंला. तू गादी घातलीस न्हवं, तिथंच."

आमच्याकडे माणूस जायला आलं की त्याला अंथरुणावरून जमिनीवर घेतात. खाली घेतलं, एवढंच म्हटलं की ऐकणाऱ्याला पुढचं कळतं. मी त्या घरात आले त्याच्या आधीची गोष्ट. मला कोणी जागा दाखवली नव्हती. आणि मी त्या जागेवर त्यांच्या नातीला रोज निजवत होते, आणि त्यांनी महिनाभर एवढंच म्हटलं होतं, पलंग हाय की.

"मला सांगायचं तरी आत्ती," मी म्हटलं.

"काय सांगू? तुझी पोरगी त्या जाग्यावर हसायला लागली. मग म्हटलं असूं दे." त्यांनी रेवाच्या नाकातलं पदराने पुसलं. "पर आता ती तुझ्याकडं येईना झालीया. ते मला बघवंना."

बाहेर पन्हाळीतून पाणी बदाबदा पडत होतं. शेजारच्या तालमीच्या पत्र्यावरचा आवाज इतका होता की आत्तींना मोठ्याने बोलावं लागलं, आणि पुढचं त्या अगदी बाजारात बोलावं तसं बोलल्या.

"पलंगाचं पायच कापूया की."

संध्याकाळी ऐकून अभिजित हसला. त्याला वाटलं, आई थट्टा करतेय. सुतार आला तेव्हाही त्याला खरं वाटेना. सुतारालाही वाटेना. तो पलंगाभोवती दोनदा फिरला, सागवानावर टिचकी मारली आणि म्हणाला, "मावशी, असलं लाकूड आता मिळत न्हाय. कापलं की गेलं."

"मिळूं दे न्हाय तर न्हाय मिळूं दे. वीतभर ठेव. वारं खालनं जायाला पायजे आणि पोरीला उतराया यायला पायजे."

धान्याची पोती माळ्यावर गेली, ट्रंका अभिजितच्या खोलीत. पलंग आडवा करून दारातल्या पत्र्याखाली ओढला. बाहेर पाऊस, आत करवतीची खरखर, आणि ओल्या हवेत सागाचा भुसा इतका गोड वासाचा, की शेजारच्या काकी छत्री घेऊन बघायला आल्या. आत्ती मात्र आत जाऊन बसल्या. त्यांनी कापताना बघितलं नाही. रेवाला मांडीवर घेऊन त्या भिंतीकडे तोंड करून ओव्या म्हणत होत्या, आणि करवत थांबली की त्यांचाही आवाज थांबत होता.

सुतार पाऊस आणि उजेड दोन्हींना वैतागलेला होता. चौथा पाय कापताना त्याचा हात चुकला आणि तो पाय बोटभर आखूड झाला. पलंग ठेवला तर डुगडुगायला लागला. सुतार म्हणाला, बाकीचे तीनही बोटभर कापतो. आत्ती आतून म्हणाल्या, "आता करवत लावशील तर बघ." पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली, ती ओलीने दबली, परत डुगडुग. शेवटी तसाच राहिला. आणि झालं असं, की आत्तींनी कुशीवर वळून पाय जरा हलवला की पलंग डावी-उजवीकडे हलायचा आणि रेवा झोपायची. फुकटचा पाळणा झाला.

कापलेले चार तुकडे आत्तींनी उचलून, पुसून, गोणपाटात बांधून माळ्यावर टाकले. सागवान टाकायचं नसतं.

त्या दुपारी मी पलंगाशेजारी खाली बसले होते, भिंतीला टेकून. वर रेवा उठली. काठापर्यंत रांगत आली, खाली बघितलं, मला बघितलं. मी हात पुढे केले नाहीत. मला भीती वाटत होती की ती आत्तींकडे वळेल. ती थांबली. मग आपण होऊन पालथी झाली, तोंड पलंगाकडे आणि पाय माझ्याकडे. एक पाय खाली सोडला, हवेत फिरवला, जमीन लागली. दुसरा सोडला. पोटावरून घसरत खाली आली, वळली आणि माझ्या मांडीवर चढून बसली. कोणी तिला ते शिकवलं नव्हतं. आत्ती वर जाग्याच होत्या. डोळे मिटून पडल्या होत्या, पण त्यांची पापणी हलत होती.

त्यानंतर ती रोज तशीच उतरायची. उलटी, पायाने जमीन चाचपत. चालायला लागली तरी, शाळेत जायला लागली तरी. पलंग तिला सरळ उतरण्याएवढा लहान झाला, तरी झोपेतून उठली की ती पालथी होऊनच उतरायची.

आणि आत्ती सहा वर्षं त्या वीतभर पलंगावरून उठत राहिल्या. सकाळी खिडकीचे गज धरायच्या, "आई गं" म्हणायच्या, गुडघ्यावर हात ठेवून अर्ध्या उठायच्या, थांबायच्या, मग पुऱ्या. माझी झोप त्या "आई गं"ने मोडायची. किती वेळा म्हटलं की तुमच्यासाठी दुसरी कॉट आणू. "हाय की पलंग," म्हणायच्या. गुडघे त्या पलंगामुळे गेले असं डॉक्टर म्हणाले नाहीत. वयाने जातातच म्हणाले. असेल. मी ते मान्य करते आणि रोज सकाळी त्यांच्या दुसऱ्या गुडघ्याला तेल लावते.

माझी पाठ आता बरीच बरी आहे. मी शाळेत तास घेते, वह्यांचे गठ्ठे उचलते, पाण्याची कळशी उचलते. उचलायची बंदी नक्की कधी उठली ते आठवत नाही, कोणी सांगितलंही नाही. उठली तेव्हा रेवा उचलून घेण्याएवढी राहिली नव्हती. हे मी कोणाला कधी बोलले नाही. बोलून काय करायचं, पोर वाढली हे काय दुःख आहे? पण कधी वर्गातली एखादी आई पोराला कडेवर घेऊन फाटकातून येते, आणि मी उगीच फळा पुसायला वळते.

तर यंदा सुतार आला, तोच. पलंग ओळखला. "हे मीच कापलेलं न्हवं का?" म्हणाला, आणि जरा ओशाळला. माळ्यावरचं गोणपाट रिकामं होतं. तुकडे रेवाकडे होते. तिने त्यांचे गोलपोस्ट केले होते. दोन इकडे, दोन तिकडे, आणि मोज्यांचा चेंडू. घरात रोज दोन तालमींच्या संघांची फुटबॉल मॅच असते. तिने ते द्यायला आधी साफ नकार दिला, मग आत्तींच्या पायावरचं बँडेज बघितलं आणि एकेक आणून ठेवले.

सुताराने तुकडे ज्याचे त्या पायाला लावले, खुंट्या मारल्या, वरून लोखंडी पट्ट्या ठोकल्या. पलंग उभा केला. मी पुठ्ठ्याची घडी घेऊन तयार होते. लागली नाही. पलंग हलेना. मग सुतार हसला आणि म्हणाला, "जो पाय बोटभर आखूड कापलेला, त्येचा तुकडा बोटभर लांब निघालेला की. परत जागच्या जागी बसलं." सहा वर्षं डुगडुगणारा पलंग गप्प उभा राहिला. आत्तींनी त्यावर बसून बघितलं. पाय लोंबकळले. त्या खूप वेळ पायांकडेच बघत होत्या, आणि मला वाटतं, त्यांना बरं वाटत होतं.

ती रविवारची दुपार. जेवणं झाली, भांडी झाली, फरशी पुसून झाली आणि परत ओली झाली. मी पलंगाशेजारी चटई टाकून आडवी झाले. अंगात त्राण नव्हतं. आठवडाभर पाऊस, शाळा, आत्तींचं पथ्यपाणी. वर आत्ती आणि रेवा. रेवा सारखी कुशी बदलत होती.

"आज्जी, हलव की."

"आता हलत न्हाय, बाळा. नीट झालाय त्यो."

"मग मला झोप न्हाय यायची. मी खाली जातो, आईजवळ." आमच्या पेठेतल्या पोरी जातो-येतो असंच बोलतात, मी आता सुधारायचं सोडून दिलंय.

मी डोळे उघडले. ती पालथी झाली होती. तोंड आज्जीकडे, पाय माझ्याकडे. एक पाय खाली सोडला, हवेत फिरवला. जिथे जमीन असायची तिथे ती नव्हती. पाय अजून खाली ताणला. नव्हती. दोन्ही हातांनी तिने चादर घट्ट धरली आणि तशीच लोंबकळत राहिली, पाऊल हवेत चाचपडत.

मी पडल्या पडल्या हात वर केला आणि तळहात तिच्या पावलाखाली धरला.

पाऊल टेकलं. गरम, जरा ओलसर, लहान नव्हे आता. टेकलं, पण तिने भार टाकला नाही. नुसतं टेकवून ठेवलं, आणि सगळं वजन वर हातांत तोलून धरलं. तिचे हात थरथरत होते. तिला कोणी आठवण करून दिली नव्हती. ती ते इतक्या लहानपणी शिकली होती, की आपल्याला ते येतं हेही तिला माहीत नव्हतं.

आत्ती कोपरावर उठून बघत होत्या. त्यांना कळलं. रेवाला धरायला पुढे केलेला हात त्यांनी मागे घेतला.

"टाक की भार," मी म्हटलं.

"तुझी पाठ दुखंल."

"दुखूं दे. टाक."

तिने वर आज्जीकडे बघितलं, खाली माझ्याकडे बघितलं, आणि टाकला.